पुंडलिकरावांच्या माडीला पफ

ज्या घरात बोलायला दुसरं माणूस नसतं, त्या घरात सल्ले फार येतात. पुंडलिकरावांच्या घरी तर ते दूधवाल्याच्याही आधी यायचे.

पुंडलिकराव समुद्रपूरचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या जाळीच्या खोलीतून "हिंगणघाटकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" असं सांगणारा जो आवाज असतो ना, तो त्यांचा. अर्धा तालुका त्या आवाजावर पळालेला आहे. निवृत्त झाल्यावर आवाज तसाच राहिला, पळणारी माणसं मात्र राहिली नाहीत. मुलगी प्रेरणा बंगळूरला, आणि पत्नी भागीरथाबाई देवाघरी.

घरावर टिनाची एक लांबरुंद माडी होती. भागीरथाबाईंनी ती हट्टानं बांधून घेतली होती, आणि दर एकादशीला तिथं अण्णाजीबुवांचं कीर्तन व्हायचं. त्या होत्या तोवर चपलांचा ढीग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत यायचा. त्या गेल्या आणि ढीग एकेक पायरी वर चढत गेला. चैत्रातल्या एकादशीला तर बुवांसमोर पुंडलिकराव, तबलजी आणि एक मांजर एवढाच श्रोतृवर्ग होता. मांजर उत्तररंगाआधीच, म्हणजे आख्यान सुरू व्हायच्या आतच, उठून गेली. पुंडलिकरावांना राग आला तो मांजरीचाच, कारण ती घरची होती.

लोक का येत नाहीत, याचं कारण गल्लीनं एकमुखानं सांगितलं. ऊन. टिनाखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं हो, अण्णाजींचा नारद बैकुंठाला पोचेपर्यंत आमचा घाम कमरेला पोचते. पुंडलिकरावांना हे कारण मनापासून पटलं. एक तर ते खरं होतं. वैशाखात त्या माडीवर ठेवलेलं तूप वात न लावताच दिव्यासारखं वितळायचं. आणि दुसरं म्हणजे उन्हाला इलाज असतो. काही कारणांना तो नसतो, आणि त्या कारणांकडे पुंडलिकराव बघत नसत.

समोर महादेवरावांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, औषध आणि मत, एवढ्या चार गोष्टी तिथं मिळत, आणि शेवटची फुकट मिळे. त्यांनी टिनावर पऱ्हाटी टाकायला सांगितली. कापसाची वाळकी झाडं एकदा पसरली की सावलीच सावली. पुंडलिकरावांनी गाडीभर पऱ्हाटी चढवली. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी वावटळ आली आणि ती सगळी पऱ्हाटी उचलून नेऊन शाळेच्या अंगणात ठेवली. हेडमास्तर स्वतः भेटायला आले. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी आलं म्हणून पुंडलिकरावांनी चहा टाकला, पण मास्तर भांडायला आलेले होते, ते उभ्यानंच भांडले आणि गेले. चहा दोन कप झाला होता. पुंडलिकरावांनी दोन्ही प्यायले.

मग नागपूरच्या एका ठेकेदाराचा नंबर मिळाला. डाळ मिलचं गोदाम त्यानं थंडगार केलेलं होतं. तो फोनवर म्हणाला, "काकाजी, आतून पफ मारून घ्या." पफ म्हणजे एक फेस. दोन औषधं यंत्रातून एकत्र टिनावर उडवायची, ती तिथंच फुगतात, वाळतात, आणि मग ऊन आत येत नाही. पुंडलिकरावांना हे समजलं. गल्लीला समजवणं वेगळं. शेजारच्या शोभाबाईंना वाटलं, पावडर लावायचा पफ. भिंतीवरून त्या म्हणाल्या, भाऊजी, एवढ्या मोठ्या छताले किती पुरणार तो. महादेवरावांना तर बेकरीतला पफच दिसला. माडीभर पफ लावून मुंगळ्यांचं काय करता, असं त्यांनी चारचौघांत विचारलं.

जन्मभर नियमात वागलेला माणूस परवानगीवाचून खिळा ठोकत नाही. पुंडलिकरावांनी एका कार्यालयात अर्ज दिला. नाव घेत नाही, सगळी कार्यालयं आपलीच आहेत. अर्जाचा विषय त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला होता, 'माडीच्या छतास आतून फवारणी करणेबाबत'. बाबूनं 'फवारणी' एवढंच वाचलं आणि त्यांना शेतीच्या टेबलाकडं पाठवलं. तिथं पीक कोणतं म्हणून विचारणा झाली. पुंडलिकरावांनी खरं ते सांगितलं, टिन. तिथून अर्ज हिवतापाकडं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिवतापाचा माणूस दारात हजर. त्यानं अंगणातले दोन्ही रांजण डासांच्या संशयावरून उपडे केले, पुंडलिकरावांना सांडलेल्या पाण्यात उभं करून स्वच्छतेवर चार शब्द सुनावले, आणि अर्ज निकाली निघाला.

गावात मात्र 'फवारणी' हा शब्द पसरला, आणि कापसाच्या मुलखात तो थट्टेचा शब्द नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळून फवारायला गेलेला माणूस संध्याकाळी खाटेवर घालून आणलेला इथं सगळ्यांनी कधी ना कधी पाहिला आहे. महादेवराव पंपासोबत मास्क फुकट देत, आणि लोक तो घरी नेऊन त्यात लसूण ठेवत. त्यामुळे त्यांनी या खेपेला थट्टा केली नाही. "पुंडलिकराव, तुमच्या घरी कोनाचा पोरगा पडला तं पाहाजो बरं," एवढंच बोलले. त्या रात्री पुंडलिकरावांचं जेवणात लक्ष लागलं नाही. त्यांनी ठेकेदाराला फोन करून आपल्या घोषणेच्या आवाजात बजावलं, की माणसांच्या नाकाची व्यवस्था असेल तरच माणसं पाठवावीत.

पिकअप आली ती व्यवस्थेसकट. पिंपं, यंत्र, नळ्यांची वेटोळी, आणि दोन माणसं. यंत्र सांभाळणारा अंकित हा अबोल, आणि फवारणारा रत्नदीप हा सेलूचा, दोघांचं मिळून बोलणारा. रत्नदीपनं पांढरा झगा घातला, वर काचेचा मोठा टोप चढवला. टोपाला मागून एक लांब नळी होती.

"साधा मास्क नाई चालत काय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"नाई ना, काकाजी. हे टिनाले चिकटून फुगलं तं पफ, अन् छातीत गेलं तं दमा. माह्या संगचा एक पोरगा कापड बांधून करे. आता त्याले उदबत्तीही सोसत नाई. लगन नाई पाहू शकत बिचारा, आरती नाई." रत्नदीपनं नळी दाखवली. नळीचं दुसरं टोक अंगणात ठेवायच्या पंख्याच्या पेटीला लागायचं. पेटी जी हवा ओढेल, तीच त्याच्या नाकात. "म्हणून पेटी चांगल्या हवेत ठेवा लागते. तुमच्या घरी सगळ्यात चांगली हवा कुठी हाय?"

असा प्रश्न पुंडलिकरावांना फार दिवसांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी चार कोपरे फिरून, बोट ओलं करून वारा पाहून, शेवटी पेटी मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली, शोभाबाईंच्या भिंतीला लागून ठेववली. भागीरथाबाई दुपारी तिथंच बसायच्या, भिंतीपलीकडच्या शोभाबाईंशी बोलत. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, पण दोन्हीकडचे तांदूळ निवडून व्हायचे.

मग रत्नदीपनं कामाची रीत सांगितली. टोप घातल्यावर आतलं बाहेरून दिसत नाही, धुकंच धुकं असतं. म्हणून तो आत गात राहतो. "गाणं आयकू येऊन राह्यलं म्हंजे मी बरा हाओ. गाणं थांबलं की काही इचारत बसायचं नाई. अंकितले आवाज द्यायचा अन् नळी ओढायची." अंकित रस्त्यावर जनरेटरपाशी, तिथं त्याला स्वतःचंही ऐकू येत नसे. म्हणजे ऐकण्याचं काम पुंडलिकरावांकडं आलं. जन्मभर गावाला ऐकवलेल्या माणसाला आता ऐकायची नेमणूक मिळाली. पुंडलिकरावांनी टोपी नीट केली, शर्टाचं वरचं बटण लावलं, लिंबाखाली खुर्ची टाकली. त्याआधी गल्लीत फिरून त्यांनी जाहीर सूचनाही दिली, की रस्त्याच्या बाजूला कोणीही थांबू नये, खिडक्या बंद ठेवाव्यात, जी काय घरकामं असतील ती मागल्या बाजूला करावीत.

गल्लीनं पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं. हेच पुढं नडलं.

माडीवर फवारा सुरू झाला आणि गाणंही. गाणं बाबासाहेबांचं होतं. आवाज टोपातून आणि टिनातून यायचा, त्यामुळे रांजणात तोंड घालून कोणी गातंय असं वाटे. पण गळा खरा होता. सुराला धरून होता, शब्दावर प्रेम होतं. चांगलं गाणं कोणाच्याही नावानं असलं तरी ऐकणाऱ्याच्या आत देवळासारखं काहीतरी उघडतंच. पुंडलिकरावांनी डोळे मिटले. मांडीवर ताल धरला. रत्नदीपनं एक ओळ तीन वेळा फिरवून घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडून "वा" निघून गेलं. कितीतरी दिवसांनी त्या माडीवरून असं कोणी गात होतं, आणि पुंडलिकराव एकटे नव्हते.

गाणं थांबलं.

तर पुंडलिकरावांनी काय करावं? ओरडावं. नळी ओढावी. पण कीर्तनाचा हा जुना श्रोता. त्यांना वाटलं, पूर्वरंग आटोपला. आता बुवाला बुक्का लावतील, हार घालतील, बुवा एक घोट पाणी घेतील, मग उत्तररंग. मोठ्या गवयाची विश्रांतीसुद्धा ऐकायची असते. ते डोळे मिटून ती विश्रांती ऐकत बसले. वरून खोकला आला. पुंडलिकरावांनी मान डोलावली, गळा मोकळा करतो आहे, करणारच. दुसरा खोकला आला, तिसरा, आणि मग काहीतरी धडाडकन आदळलं. तेवढ्यात पुंडलिकरावांनाही ठसका लागला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा लिंबाच्या झाडातून निळसर धूर उतरत होता, आणि पेटी तो मन लावून ओढत होती.

भिंतीपलीकडं शोभाबाई सालभराचा मसाला करत होत्या. खरं तर त्या तो पुढच्या ओट्यावर करणार होत्या. पण भाऊजींनी स्वतः दारात येऊन सांगितलं, मागल्या बाजूला करा, म्हणून सून वर्षालीनं शेगडी मागं आणून भिंतीला टेकवली होती. कढईत भिवापुरी मिरची. तिचा धूर बाहेर मोकळ्या हवेतच माणसाला रडवतो. रत्नदीपला तो टोपात, नळीनं, ताजा ताजा मिळत होता.

पुंडलिकरावांच्या छातीतून जो आवाज निघाला तो स्टँडनंही कधी ऐकला नसेल. "अंकित! ताबडतोब! मागच्या फलाटावर या!" फलाट हा शब्द सवयीनं आला. अंकित धावला, दोघांनी नळी ओढली, आणि नळीच्या मागं मागं झगा, टोप आणि हातपाय असं सगळं जिन्यावरून उतरलं. टोप काढला तर आत रत्नदीपचा चेहरा पिकलेल्या टमाट्यासारखा, डोळ्यांतून धारा. तो पायरीवर बसला, पोटभर शिंकला, आणि म्हणाला, "हवेत तिखट हाय, काकाजी."

सुदैवानं त्यापलीकडं काही झालं नव्हतं. फवाऱ्यातलं औषध एक कण आत गेलं नव्हतं, टोपानं आपलं काम चोख केलं होतं. चुकलं ते आपल्या माणसांचं. शोभाबाई हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या. महादेवराव आले. पांढरा झगा पाहून महामारीचे दिवस आठवले आणि अर्धी गल्ली दहा पावलांवर थबकली. मिरचीचं कळल्यावर मग सगळे अंगणात आले. कोणी ताक आणलं, कोणी गूळ. पुंडलिकरावांनी पाहिलं, त्यांच्या अंगणात एवढी माणसं भागीरथाबाईंच्या तेरवीनंतर जमली नव्हती.

ताक पिऊन झाल्यावर रत्नदीपनं विचारलं. रागानं नाही, पण विचारलं. "मी थांबलो तं तुम्ही काऊन नाई आले, काकाजी?"

"मले वाटलं, आता उत्तररंग," पुंडलिकराव म्हणाले.

अंगण हसलं. रत्नदीपला उत्तररंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी तोही हसला. पुंडलिकराव हसले नाहीत. ऐकायचं एकच काम मिळालं होतं, आणि आपण ऐकण्यात एवढे रमलो की ऐकलंच नाही, हे त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. आणखी एक माणूस हसलं नाही. शोभाबाई. त्यांनी झारा पदराखाली घेत रत्नदीपला विचारलं, "म्हंजे आवाज थांबला की धावाचं असते?"

"हो ना, मावशी. थांबला की धावाचं."

मग पेटी उचलून महादेवरावांच्या दारात गेली, काम पुरं झालं. एक दिवस घरात जायचं नाही, असं सांगून रत्नदीप आणि अंकित निघून गेले. शोभाबाई म्हणाल्या, भाऊजी, आमच्याकडं झोपजा. पुंडलिकराव म्हणाले, हिंगणघाटला पाहुण्यांकडं जातो. हिंगणघाटला त्यांचे पाहुणे नव्हते. ते स्टँडवर गेले आणि बाकड्यावर झोपले. जाळीच्या खोलीत आता रेकॉर्ड केलेला एक बाईचा आवाज होता. गाड्यांची नावं ती बरोबर घेत होती, चूक काढायलाही जागा नव्हती.

माडी थंड झाली. अशी थंड, की गल्ली हात लावून पाहून गेली. मोहिनी एकादशी आली. पुंडलिकरावांनी दारावर ठळक पाटी लावली, 'कीर्तन, सायंकाळी पाच, माडी थंड आहे'. सतरंज्या अंथरल्या, दोन नव्याही आणल्या.

अण्णाजीबुवा आले. तबलजी आला. सहा वाजले. मग महादेवराव आले, पण ते पफ वाळल्यावर कसा दिसतो ते पाहायला. त्यांनी छताला बोट लावलं, भिंतीशी उभे राहिले, आणि पुंडलिकरावांचा चेहरा पाहून खाली बसले. बुवांनी आपलं मन मोडू दिलं नाही. तिघांसाठी त्यांनी तीनशेंचं कीर्तन केलं. पण तिथंही एक गंमत झाली. टाळ वाजवला की त्याचा नाद कापसात पडल्यासारखा पडायचा. पफ ऊन गिळत होता तसा आवाजही गिळत होता. बुवांची तान छतापर्यंत जायची आणि परत यायची नाही. निघताना ते म्हणाले, राव, थंड तं लय झालं, पण मी काय बोललो ते मलेच आयकू नाई आलं.

महादेवराव जिन्यात घुटमळले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

"एक सांगू काय, पुंडलिकराव. ऊन तं वहिनी होत्या तवाही होतं. त्या दारोदारी येऊन बोलवत. कुंकू लावून, आमच्या बाईचा हात धरून. तुम्ही पाटी लावता."

एवढं सांगून ते गेले. पुंडलिकरावांनी पाटी काढली. कीर्तनकार सांगतात, देव भावाचा भुकेला. पण माणूसही असतो हो, हे सांगायचं त्यांचं राहून जातं. पुंडलिकराव त्या गारव्यात एकटे बसले. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. उन्हाचा इलाज झाला होता.

रोज दिवेलागणीला भजन म्हणायचा त्यांचा नेम होता. टाळ घेऊन, माडीवर, भागीरथाबाईंच्या फोटोसमोर. तो नेम त्यांनी कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशीही पाळला. थंडावा जाऊ नये म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच दार लावलं, खिडक्या लावल्या. ऐकणारं कोणी नव्हतंच, मग उघडं कशाला ठेवायचं. त्यांनी टाळ घेतले, डोळे मिटले. आवाज आज फारसा चढत नव्हता, तरी म्हणत राहिले.

मधेच त्यांना वाटलं, दूर कुठंतरी कोणी कापूस पिंजतंय. मग वाटलं, नाही, दार वाजतंय. मग दार आतच आलं. पुढं शोभाबाई, हात पिठाचे. मागं वर्षाली. तिच्या मागं महादेवराव, हातात दुकानातली पहार. जिन्यात आणखी चार डोकी. पुंडलिकराव टाळ हातात धरून, तोंड उघडं ठेवून बसलेले.

शोभाबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी पुंडलिकरावांकडं पाहिलं, आणि मग त्या जवळजवळ ओरडल्याच.

"आवाज काऊन थांबला, भाऊजी?"

पुंडलिकरावांना समजेना. मी तर म्हणतच होतो, असं ते पुटपुटले.

"आमाले कुठी आयकू आलं!" शोभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "रोज तुमचा टाळ वाजला की मी कणीक भिजवतो. वर्षाली बाळाले झोपवते. ह्या महादेवभाऊचं शटर तुमच्या भजनावर पडते. आज सारी गल्ली टिनाकडं कान लावून बसली अन् तुम्ही मुके. त्या पोरानं सांगतलं होतं ना, थांबला की धावाचं."

इतके दिवस पुंडलिकरावांना वाटत होतं, आपलं भजन टिनाला आपटून परत आपल्याच मांडीवर पडतं. ते टिनातून आरपार जात होतं. भिंतीपलीकडं कणीक भिजत होती.

त्यांनी टाळ खाली ठेवले. उठले. दारापाशी आले. सवयीनं घसा खाकरला, जणू आता सूचना देणार. पण घोषणेचा आवाज आलाच नाही, एक साधा, थोडा बसका आवाज आला.

"या ना," ते म्हणाले. "शोभाबाई, या. वर्षाली, लेकराले घेऊन ये. महादेवराव, पहार तिथं ठेवा अन् या."

त्यांनी कोपऱ्यातून कुंकवाचा करंडा काढला. धूळ फुंकली. तो कसा पुढं करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून शोभाबाईंनी तो हातातून घेतला आणि आपणच सगळ्यांना लावला. माणसं बसली. नव्या सतरंज्यांच्या घड्या मोडल्या. चपला जिन्यात वरून तिसऱ्या पायरीपर्यंत गेल्या.

पुंडलिकराव टाळ उचलणार, तोच वर्षाली उठून खिडकीपाशी गेली. कडी काढायला लागली.

"ते उघडू नको, बाई," पुंडलिकराव म्हणाले. "सारी गरमी आत येईन. पफचा उपयोगच नाई मंग."

"येऊ द्या," शोभाबाई म्हणाल्या. "पलीकडच्या घराईले आयकू गेलं पाहिजे."